जुन्या संगणकाचा बॅकअप नव्यावर उतरवताना: विंडोजचं ‘बॅकअप अँड रिस्टोअर’

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच, पण आधी चार कशाबद्दल ते सांगते. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांच्या घरी कपाटात एक काळी हार्ड डिस्क पडलेली असते. तिच्यात सगळं आहे एवढं माहीत असतं. पण ज्या संगणकावरून ते भरलं तो संगणकच गेला, तर दुसऱ्या संगणकावर ते कसं उतरवायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. तेवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी जुळे सोलापूरला राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. घरचा संगणक विंडोज ७ च्या काळातला. तेव्हाच पुतण्याने बाहेरची एक टीबीची हार्ड डिस्क जोडून विंडोजमधलाच बॅकअप लावून दिला होता, दर रविवारी संध्याकाळी सातला. ही वेळ विंडोज स्वतःच सुचवायचं, आम्ही ती तशीच ठेवली. २०१५ च्या जुलै अखेरीस विंडोज १० मोफत मिळायला लागलं तेव्हा तेही घेतलं, बॅकअप त्यावरही चालू राहिला. रविवारी दिवेलागणीला डिस्कचा दिवा लुकलुकू लागला की सासरे म्हणायचे, “सूनबाई, तुझा मुनीम बसला बघ वही लिहायला.”

त्या वहीत काय काय होतं ते सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. लेकीच्या लहानपणापासूनचे फोटो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले, पांढऱ्या बाराबंदीतले, नंदीध्वजाच्या काठीला हात लावून उभे असलेले आमच्या घरातले तीन पिढ्यांचे पुरुष. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, फोनवर ध्वनिमुद्रित करून संगणकात उतरवलेल्या. सोसायटीची जुनी पत्रं, घराच्या कागदांच्या स्कॅन प्रती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सासऱ्यांच्या आठवणी. ते मिलमध्ये कामाला होते. भोंग्यावर चालणारं सोलापूर, तीन पाळ्या, पहाटे कामावर जाणाऱ्यांच्या चपलांचा रस्त्यावर होणारा आवाज, आणि त्यांच्या वडिलांकडून ऐकलेला १९३० चा मार्शल लॉ. ते बोलायचे, मी टाइप करायची. दुपारचा चहा होईपर्यंत जेवढं होईल तेवढं. ते आता नाहीत, त्यामुळे त्या फायलींची दुसरी प्रत कुणाच्या तोंडून मिळायची सोय नाही.

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच सुमाराला आमच्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आमचा प्रोसेसर होता तिसऱ्या पिढीतला. नवा संगणक आला. त्यावर विंडोज ११ होतं, वापरकर्त्याचं नाव वेगळं, संगणकाचं नाव वेगळं. कपाटातली काळी डिस्क जोडली आणि मुनिमाची वही उघडली.

डिस्क उघडल्यावर जुन्या संगणकाच्या नावाचं एक फोल्डर दिसतं. त्याचं चित्र साध्या पिवळ्या फोल्डरासारखं नसतं. त्याच्या आत ‘बॅकअप सेट’ आणि पुढे तारीख अशी फोल्डरं, त्यांच्या आत ‘बॅकअप फाइल्स’ आणि तारीख, आणि त्यांच्याही आत एकापाठोपाठ एक झिप फायली, साधारण २०० एमबीच्या. फोटो नाही, पत्र नाही, नुसत्या क्रमांकाच्या झिप. हे पाहून घाबरायचं कारण नाही. विंडोज पहिल्यांदा सगळ्याची पूर्ण प्रत घेतं आणि नंतर दर वेळी फक्त नवं आणि बदललेलं तेवढं वेगळ्या तारखेच्या फोल्डरात भरतं. त्यामुळे एकाच अल्बममधले फोटो निरनिराळ्या झिपमध्ये विखुरलेले असतात. एखादंच पत्र हवं असेल तर झिप उघडून हाताने शोधता येतं, पण पूर्ण घर उतरवायचं तर हाताने करायचं काम हे नव्हे. कुठली फाइल कुठल्या झिपमध्ये आहे याची यादी त्याच बॅकअपात असते, आणि ती यादी वाचायचं काम विंडोजवरच सोपवावं.

तर ही सोय विंडोज ११ मध्येसुद्धा आहे. नव्या सेटिंग्जमध्ये शोधू नका. स्टार्टमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ टाइप करा, ते उघडा, आणि त्यात ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ या नावापुढे विंडोज ७ असं लिहिलेलं दिसेल, त्यावर जा. सातवर घेतलेला बॅकअप अकरावर उतरतो याबद्दल मला या सोयीचं मनापासून कौतुक आहे. विंडोज ७ बाजारात आलं २००९ मध्ये. एवढ्या वर्षांच्या अंतराने तीच वही नव्या संगणकाला वाचता येणं ही छोटी गोष्ट नाही.

तिथे पोचल्यावर मात्र थोडं थांबा आणि नीट वाचा. नव्या संगणकावर तुम्ही अजून बॅकअप लावलेलाच नसतो, म्हणून रिस्टोअरच्या खाली वाक्य येतं की या संगणकाचा बॅकअप सापडला नाही. डिस्क समोर जोडलेली आहे, दिवा लागलाय आणि पडदा म्हणतो सापडला नाही! माझ्या बहिणीचा हात इथेच थांबला असता. पण त्या वाक्यात ‘या संगणकाचा’ असं म्हटलंय, आणि ते अगदी खरं आहे. या नव्या संगणकाचा बॅकअप नाहीच. आपल्याला हवाय तो दुसऱ्याचा. त्याच वाक्याखाली बारीक निळ्या अक्षरांत एक ओळ असते: ‘सिलेक्ट अनदर बॅकअप टू रिस्टोअर फाइल्स फ्रॉम’. सगळं काम या एका ओळीत आहे. ती दाबली की जोडलेल्या डिस्कवरच्या बॅकअपांची यादी येते, आणि त्यात कुठल्या काळातला आणि कुठल्या संगणकाचा हे लिहिलेलं असतं. आमच्या जुन्या संगणकाचं नाव त्या यादीत दिसलं तेव्हा मी ह्यांना हाक मारून बोलावलं.

पुढचं काम सरळ आहे. ‘ब्राउझ फॉर फोल्डर्स’ दाबून हवी ती फोल्डरं निवडायची. तिथे दोन वाटा दिसतात. एक वापरकर्त्याच्या नावाचा बॅकअप, ज्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असं सगळं असतं. दुसरी ‘बॅकअप ऑफ सी’, ज्यात ड्राइव्हच्या क्रमाने सगळं असतं. घरगुती माणसाला पहिली वाट पुरते. जुन्या तारखेचं हवं असेल तर ‘चूज अ डिफरंट डेट’ आहे. ही सोय मला फार आवडली, कारण सासऱ्यांच्या एका प्रकरणाचा आधीचा खर्डा, जो त्यांनी मला नंतर बदलायला लावला होता, तोही मला तिथे मिळाला. दोन्ही खर्डे आता शेजारी शेजारी ठेवलेत.

मग प्रश्न येतो, फायली कुठे उतरवायच्या? मूळ जागी की दुसऱ्या जागी? संगणक वेगळा असेल तर माझं ठाम मत आहे की दुसरी जागा निवडावी. मूळ जागा म्हणजे जुन्या वापरकर्त्याच्या नावाचं फोल्डर, आणि ते नाव नव्या संगणकावर कुणाचंच नसतं. नाव जुळत असलं तरी नव्या संगणकावर काही ठेवलेलं असेल तर एकात एक मिसळतं. मी आधीच ‘जुनं घर’ नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवलं होतं, ते दाखवलं, आणि ‘रिस्टोअर द फाइल्स टू देअर ओरिजिनल सबफोल्डर्स’ या चौकोनात टिचकी मारली. ही टिचकी विसरू नये. तिच्यामुळे ‘२०१२ गड्डा’, ‘२०१३ गड्डा’ अशी आतली फोल्डरं जशीच्या तशी उभी राहतात. नाहीतर हजारो फोटो एकाच जागी ओतले जातील. एकाच नावाची फाइल तिथे आधीच असेल तर विंडोज विचारतं, जुनी पुसून नवी ठेवू का, की दोन्ही ठेवू? पहिल्या वेळी दोन्ही ठेवाव्यात. जागा स्वस्त आहे.

वेळ किती लागतो हे पोर्टवर अवलंबून आहे, आणि याकडे लोक लक्ष देत नाहीत. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूला काळ्या जिभेचा यूएसबी २.० असेल तर त्यातून सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या पुढे काही जात नाही. निळ्या जिभेच्या यूएसबी ३.० मध्ये तीच डिस्क शंभरी ओलांडते. मोठा व्हिडिओ पटकन सरकतो. बारीक बारीक फायली हजारोंनी असल्या की वेग मंदावतो, तेव्हा अडकलं असं समजून मध्येच डिस्क उपटू नका. आमच्याकडे लाइटीचा भरवसा नसतो म्हणून मी संगणक इन्व्हर्टरवर घेतला आणि रात्री सुरू केलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३ च्या पुढे जातो, त्या दुपारी एवढा वेळ बाहेरची डिस्क फिरवत ठेवू नये असं मला वाटतं. पंख्याखाली, टेबलाच्या लाकडावर मोकळी ठेवा. तिच्यावर रुमाल नको.

उतरवून झाल्यावर मी नव्या फोल्डरातल्या फायली उघडून तपासल्या. फोटोंच्या तारखाही पाहाव्यात. ‘डेट क्रिएटेड’ आजची दिसेल, त्याने दचकू नका. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते आणि ती बदलत नाही. आईच्या ओव्या मी एकेक करून शेवटपर्यंत ऐकल्या. तपासण्यासाठी म्हणून सुरुवात केली होती, आणि मग ऐकतच राहिले. “पहिली माझी ओवी” म्हणताना मागे कुकरची शिट्टी आहे, तीसुद्धा होती तिथेच आहे.

जुन्या बॅकअपमध्ये ‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाचं मोठं फोल्डर असेल तर ती पूर्ण संगणकाची प्रतिमा असते. ती नव्या संगणकावर चढवायच्या भानगडीत पडू नये. तिच्यात जुन्या यंत्राचे ड्रायव्हर, जुना परवाना सगळं येतं. त्यातल्या फायली हव्या असतील तर आतली व्हीएचडी फाइल डिस्क म्हणून जोडून घेता येते आणि नेहमीसारखं कॉपी करता येतं. या प्रतिमेच्या सोयीचा विकास मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये थांबवला, त्यामुळे नव्याने त्यावर विसंबू नये.

आता कापलेला तारा.

सासऱ्यांच्या आठवणींचं फोल्डर पूर्ण उतरलं. पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, वर दोन टिंबं दिलेले यू आणि ओ, मध्येच तिरप्या रेघा, पाउंडाचं चिन्ह. पानामागून पान तसंच. परिच्छेद मात्र होते तिथे होते, ओळींची लांबी होती तशी होती. मजकूर आहे पण वाचता येत नाही.

हे फाइल बिघडल्यामुळे होत नाही, हे सगळ्यात आधी समजून घ्या, कारण याच टप्प्यावर अनेक जण फाइल खराब झाली म्हणून पुसून टाकतात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, सर्रास वापरात येण्याआधी आपण मराठी टाइप करायचो ते श्रीलिपी, आयएसएम असल्या सॉफ्टवेअरांत किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टात. आमच्या शाळेच्या कचेरीत पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम होतं, म्हणून मीही घरी तेच वापरलं, आणि अक्षर होतं डीव्हीबी-टीटी सुरेख. या पद्धतीत संगणकाच्या लेखी फाइलमध्ये मराठी नसतंच. असतात ती इंग्रजी आणि युरोपीय चिन्हं. त्या चिन्हांच्या जागी ‘म’चा, ‘रा’चा, ‘ठी’चा आकार दाखवायचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसला की चिन्हं उघडी पडतात.

आणि फॉन्ट बॅकअपमध्ये नसतो. विंडोजचा हा बॅकअप तुमच्या फायली घेतो. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरातलं आणि प्रोग्रॅम फाइल्समधलं घेत नाही. फॉन्ट बसतो तो नेमका विंडोजच्या फोल्डरात. त्यामुळे फोटो, गाणी, पीडीएफ, युनिकोडमधली पत्रं हे सगळं नव्या संगणकावर लगेच नांदायला लागतं, आणि आपल्यासारख्या मराठी, हिंदी टाइप करणाऱ्यांची जुनी कागदपत्रं मुकी होऊन येतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येतच नाही, म्हणून बॅकअपच्या सूचनांमध्ये हिचा उल्लेखही सहसा आढळत नाही. आपल्या लोकांनी हे एकमेकांना सांगायला हवं.

यासाठी मी जुना संगणकच उचलून सात रस्त्याकडच्या एका छोट्या दुकानात नेला. दुकानाचं नाव देत नाही, पण सेवेबद्दल लिहिलंच पाहिजे. गल्ल्याशी तरुण मुलगा होता. खोका उघडून पाहिला आणि म्हणाला, “काकू, डिस्क बरी हाय की. बोर्ड तेवढा गेलाय.” मी सगळा डेटा काढून दे म्हटलं असतं तर त्याला पैसे जास्त मिळाले असते. त्यानेच विचारलं, बॅकअप आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग कशाला पैसे घालवताय? फॉन्ट तेवढे काढून देतो.” डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या जोरावर चालत नाही, तिला वेगळा वीजपुरवठा लागतो. त्याच्याकडे तसा खोका होता. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला नुसती केबल पुरते, ती घरीही जोडता येते. काही फोल्डरांवर ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा अडथळा आला, कारण त्यांची मालकी जुन्या संगणकावरच्या खात्याची होती. त्याने ‘कंटिन्यू’ दाबून प्रशासकाच्या खात्याने ती परवानगी घेतली आणि वाट मोकळी झाली. जुन्या फॉन्टच्या फोल्डरातून डीव्हीबी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फायली त्याने पेन ड्राइव्हवर दिल्या. माझ्या खाजगी फोल्डरात त्याने डोकावलं नाही, मी समोर बसले होते आणि पडदा माझ्याकडे वळवून काम करत होता. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. बायकांचे, मुलाबाळांचे फोटो असतात डिस्कमध्ये.

घरी आल्यावर फॉन्टच्या फाइलवर उजवी टिचकी मारली, ‘इन्स्टॉल’ केलं आणि वर्ड पुन्हा उघडलं. पान भरून सुरेख अक्षर. पहिली ओळ सासऱ्यांचीच: “आमचे वडील सांगायचे, मिलचा भोंगा झाला की साखर पेठेत घड्याळाची गरज नसे.”

पण फॉन्टवर ही गोष्ट कायमची सोडायची माझी इच्छा नव्हती. पुढच्या संगणकावर, लेकीच्या पुण्याच्या संगणकावर, नातवाच्या फोनवर हा फॉन्ट नसणार. म्हणून मी एकेक फाइल युनिकोडमध्ये बदलून घेते आहे. यासाठी मोफत परिवर्तक मिळतात, चिकटवलं की बदलून देतात. त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी अक्षरानंतर, रफाराचा ‘र्’ अक्षराच्या आधी. परिवर्तकाला प्रत्येक ठिकाणी ही अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर आलं की तो चुकतो.

माझ्यासाठी सगळ्यात कठीण पान होतं ते चार हुतात्म्यांचं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आमच्या गावचे चौघे. लेक पुण्याहून ज्या हुतात्मा एक्सप्रेसने येते तिचं नाव त्यांच्यावरून आहे. आता या चार नावांत काय काय आहे बघा: ‘ल्ल’ आणि ‘ट्टी’, ‘कुर्बान’मधला रफार, ‘न्ना’, ‘शिंदे’मधली पहिली वेलांटी आणि तिच्यावर अनुस्वार, ‘श्री’चा खास आकार. परिवर्तकाने रफार ‘न’वर नेऊन बसवला होता आणि ‘शिंदे’ची वेलांटी सुटून आधीच्या शब्दाला चिकटली होती. ही नावं चुकीची छापून पुढच्या पिढीच्या हातात देणं मला जमणार नव्हतं. मी ते पूर्ण पान हाताने तपासलं, मूळ सुरेखमधलं पान शेजारी उघडं ठेवून. आता आधी याच चार नावांवर परिवर्तक चालवून बघते. ती नीट उतरली तर बाकीचं बहुतेक नीट उतरतं. ‘ज्यांच्या’, ‘दुसऱ्या’, ‘क्षण’, ‘ज्ञान’ हेही शब्द बघावेत.

मूळ फायली पुसायच्या नाहीत. युनिकोडची प्रत वेगळी, सुरेखची वेगळी, आणि फॉन्टच्या फायली त्याच फोल्डरात. फॉन्ट साध्या फोल्डरात ठेवला की बॅकअप त्यालाही घेतो. एवढ्या एका गोष्टीने कापलेला तारा पुढच्या वेळेपुरता भरून निघेल.

शेजारच्या वहिनींकडे विंडोज ८ पासून असलेली ‘फाइल हिस्टरी’ चालू होती, त्यांचंही उतरवून दिलं म्हणून तिच्याबद्दल थोडं. ती झिप करत नाही, फायली उघड्याच ठेवते, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर नुसतं फोल्डर उघडूनही मिळतात. मात्र प्रत्येक नावापुढे तारीख आणि वेळ जोडलेली असते, आणि ती वेळ आपली नसून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे साडेपाच तास मागे. एकाच पत्राच्या चार-पाच प्रती दिसतात. हाताने कॉपी केलं तर ती शेपटी नावाला तशीच राहते. त्यापेक्षा नव्या संगणकावर फाइल हिस्टरीतच ती डिस्क निवडून आधीचा बॅकअप वापरायचा पर्याय घ्यावा आणि तिच्याकरवी उतरवावं, मग नावं स्वच्छ येतात. क्लाउडबद्दल लेक आग्रह करते, पण वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबी आणि गुगलवर १५ जीबी. नुसते गड्ड्याचे व्हिडिओच त्यात मावत नाहीत. सासऱ्यांचा मजकूर मात्र तिथेही ठेवलाय, तो काही जागा खात नाही.

नव्या संगणकाबद्दल एक गोष्ट तातडीची आहे. जुनी डिस्क काढून दुकानात जोडता आली, कारण ती कुलूपबंद नव्हती. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला तर बऱ्याच संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. उद्या हा संगणक गेला आणि डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर ४८ अंकी किल्ली मागेल. ती त्याच खात्यात साठवलेली असते. मी ती छापून घराच्या कागदांच्या पाकिटात ठेवली आहे आणि लेकीला पाकीट कुठे आहे ते सांगितलं आहे.

बॅकअप पुन्हा रविवारी संध्याकाळी सातलाच लावलाय, दोन डिस्कांवर आलटून पालटून, आणि एक डिस्क नणंदेकडे होटगी रोडला असते. दुकानात जायची वेळ आलीच तर जुन्या संगणकाचं नाव, तिथल्या वापरकर्त्याचं नाव आणि कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करत होता ते कागदावर लिहून न्या. त्या मुलाने मला पहिल्यांदा हेच तीन प्रश्न विचारले होते, आणि तिन्हींची उत्तरं असल्यामुळे काम तासाभरात झालं.